व्हेरिएबल बदललं, रंग का नाही बदलला?

तुझं घराचं चित्र पाहिलं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या टर्टलमध्ये, म्हणजे चित्र काढायच्या साधनात, ‘ब्राउन’ अकरा ठिकाणी हाताने लिहिलंयस. उद्या भिंत पिवळी करावीशी वाटली की अकरा ओळी शोधत बसणार का? वर एकदाच भिंतरंग नावाचं व्हेरिएबल (रंग साठवून ठेवणारं नाव) कर आणि सगळीकडे तेच वापर. त्याला ‘तपकिरी’ मात्र म्हणू नकोस; त्यात पिवळा भरलास की तुझाच गोंधळ उडेल.

आता तुझी एरर. रंगाचं नाव अवतरणचिन्हांत, व्हेरिएबलचं नाव उघडं. ‘रेड’ उघडं लिहिलंस तर पायथन त्या नावाचं व्हेरिएबल शोधतो, सापडत नाही, नेमएरर देतो. उलट भिंतरंग चिन्हांत टाकलंस तर टर्टल ‘बॅड कलर स्ट्रिंग’ म्हणून ओरडतो, कारण असा रंग त्याने कधी ऐकलेलाच नाही.

आकड्यांनी रंग द्यायचा असेल, समजा भगव्यासाठी (255, 153, 51), तर आधी कलरमोड, म्हणजे रंगाच्या आकड्यांची कमाल मर्यादा, 255 कर. मुळात तो 1.0 असतो.

आणि ज्यापायी माझी अख्खी संध्याकाळ गेली ते सांगतो. व्हेरिएबलमध्ये नवा रंग टाकला म्हणजे पेनला तो कळत नाही. पेनकलर ही पेनचा रंग ठरवणारी आज्ञा चालली त्या क्षणी व्हेरिएबलमध्ये जे होतं, तेच पेनने उचललं. म्हणून लूपमध्ये (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या भागात) रंग बदलत असशील तर पेनकलरची ओळही लूपच्या आतच हवी, पाकळी काढायच्या आधी. माझी बाहेर राहिली होती. छत्तीस पाकळ्यांचं फूल, आणि सगळं निळंच्या निळं!