'डायरेक्शन'ला मराठीत नेमके काय म्हणावे?

आपण विचारले आहे की, एका रुग्णालयाच्या माहितीपत्रकाचा अनुवाद करताना 'डायरेक्शन' हा शब्द चार निरनिराळ्या वाक्यांत आला असून शब्दकोशातला पहिला अर्थ 'दिशा' हाच चारही ठिकाणी वापरला तर चालेल का. चालणार नाही. मी बरीच वर्षे पत्रके आणि परिपत्रके मराठीत आणण्याचे काम करतो आणि एका औषधाच्या वेष्टनावर 'वापराच्या दिशा' असे छापलेले मी स्वतः वाचले आहे. ज्या आजारी माणसाला ते वाचून गोळी घ्यायची असते, त्याच्या हाती असा मजकूर देणे मला अजूनही फार गैर वाटते.

घोटाळ्याचे मूळ असे आहे की, 'डायरेक्शन' आणि 'दिशा' हे शब्द कानाला जवळचे वाटतात, पण त्यांचे कूळ एक नाही. इंग्रजी शब्दामागे लॅटिनमधला 'रेगेरे' हा धातू आहे. सरळ नेणे, ताब्यात ठेवणे असा त्याचा अर्थ असून आपल्या 'ऋजु' शब्दाशी त्याचे नाते सांगितले जाते. 'दिशा' मात्र संस्कृत 'दिश्' म्हणजे दाखवणे या धातूपासून आली आहे, आणि त्या धातूचा लॅटिन भाऊबंद 'सांगणे' या अर्थाचा आहे, ज्यातून 'डिक्टेशन' आणि 'डिक्शनरी' हे शब्द निघाले. म्हणजे नात्याने पाहिले तर 'दिशा' ही 'डिक्शनरी'च्या घरातली आहे. जो सरळ नेतो त्याच्या हाती लगामही असतो, म्हणून इंग्रजीत जाण्याचा मार्ग आणि हुकूम हे दोन्ही अर्थ एका शब्दात सुखाने नांदतात. मराठीने हे काम वाटून दिले आहे. 'दिश्'ला उपसर्ग लागून उपदेश, आदेश, निर्देश आणि संदेश झाले, आणि दाखवणाऱ्याला किती अधिकार आहे हे त्या उपसर्गानेच ठरते.

पत्रकातले पहिले वाक्य वॉर्डाकडे कसे जावे याविषयीचे आहे. तिथे 'दिशा' हा शब्दच नको. आपण कोणाला दिशा विचारत नाही, रस्ता विचारतो किंवा पत्ता विचारतो. समोरचाही उजव्या हाताला वळा, जिना चढून वर या, असेच सांगतो. अनेक खेड्यांत आजही उगवतीला आणि मावळतीला हे शब्द कानी पडतात, आणि ते नकाशातल्या शब्दांपेक्षा मला जास्त नेमके वाटतात, कारण ते ऐकताना माणूस प्रत्यक्ष आकाशाकडे बघतो.

खऱ्या दिशेच्या बाबतीतही सावध राहावे लागते. नैऋत्य मोसमी वारा नैऋत्येकडे जात नाही, तो नैऋत्येकडून येतो. वाऱ्याला तो जिथून येतो त्या दिशेचे नाव देतात, तर समुद्राच्या प्रवाहाची दिशा सांगताना तो जिकडे जातो ती सांगतात. त्यामुळे 'कडे' आणि 'कडून' हे दोन शब्द लिहिताना एकदा थांबून विचार करावा.

दुसरे वाक्य औषध घेण्याचे आहे. त्याला 'घेण्याची पद्धत' किंवा 'सूचना' पुरे, आणि जिथे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे असे म्हणायचे आहे तिथे अगदी तेवढेच लिहावे.

तिसरे वाक्य, म्हणजे प्रमुख डॉक्टरांच्या 'डायरेक्शन'खाली चालणारा विभाग, हे सर्वांत अवघड आहे, कारण मार्गदर्शन ऐकावे की नाही हे ऐकणाऱ्यावर असते आणि निर्देश मात्र पाळावाच लागतो. हा फरक किती मोलाचा आहे ते संविधानाच्या चौथ्या भागात दिसते. इंग्रजीतल्या 'डायरेक्टिव्ह प्रिन्सिपल्स'साठी त्याच्या अधिकृत मराठी पाठात 'निदेशक तत्त्वे' असा शब्द आहे, तर शालेय पुस्तकांतून 'मार्गदर्शक तत्त्वे' रूढ झाले. अनुच्छेद 37 म्हणतो की ही तत्त्वे न्यायालयामार्फत अंमलात आणता येणार नाहीत, तरीही कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य राहील. 'मार्गदर्शक' म्हटले की यातला पहिला भाग मनात राहतो आणि दुसरा निसटतो, म्हणून मी स्वतः 'निदेशक' लिहितो. पदाचे नाव असेल तर मात्र कंपनीत आणि सरकारी खात्यात 'संचालक', नाटक-चित्रपटांत 'दिग्दर्शक', आणि नाटकाच्या संहितेत कंसात दिलेली ती 'रंगसूचना'. हिंदीत चित्रपटाच्या दिग्दर्शकाला 'निर्देशक' म्हणतात. तो शब्द हल्ली मराठी मजकुरात शिरू लागला आहे आणि त्याची आपल्याला काहीच गरज नाही.

चौथे वाक्य उपचारांच्या नव्या 'डायरेक्शन'चे आहे. इथे 'नवी दिशा' चुकीचे नाही, पण मराठीत यासाठी रोख, कल, ओघ, वळण असे जिवंत शब्द आहेत आणि प्रत्येकाची छटा वेगळी आहे. बोलण्याचा रोख बोलणाऱ्याच्या मनात असतो, कल आपोआप झुकलेला असतो, आणि वळण कोणीतरी लावलेले असते.

आपली वाक्ये मी अशी लिहीन: 'वॉर्डाकडे जाण्याचा रस्ता', 'औषध घेण्याची पद्धत', 'प्रमुख डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालणारा विभाग' आणि 'उपचारांना मिळालेले नवे वळण'. तिसऱ्या वाक्यात प्रमुख डॉक्टर केवळ सल्ला देत असतील तर 'देखरेखीखाली' काढून 'मार्गदर्शनाखाली' करावे. ते रुग्णालयालाच विचारून घ्या.