आधी ओसरी काढ, मग खोल्या

प्रिय,

दहा खाटांच्या मानसोपचार कक्षाचा तुझा नकाशा पाहिला. मधोमध बोळ, दोन्हीकडे खोल्या, टोकाला लोखंडी दार. यात सगळी सोय राखणदाराची झाली आहे. असा बोळ अंधारा राहतो, आवाज घुमतो, आणि समोरून कुणी आलं तर भेदरलेल्या माणसाला बाजूला सरकायला जागा नसते. बोळ काढूनच टाक. दोन-दोन खाटांच्या पाच खोल्या पूर्व-पश्चिम रांगेत घे आणि दक्षिणेला आठ फूट रुंद ओसरी दे. सहा फुटांत एक खाट टाकली की चालायची पंचाईत होते. बरा होत असलेला माणूस एकदम चारचौघांत येऊन बसत नाही. आधी दारातून बघतो, मग खांबाला टेकून उभा राहतो, कधीतरी अंगणातल्या निंबाखाली येतो. या तिन्ही जागा कागदावर दिसायला हव्यात.

पश्चिमेच्या टोकाला तू खाटा ठेवल्या आहेस. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. मानसोपचाराच्या औषधांनी येणारा ताठरपणा, थरथर कमी करायला देतात त्या ट्रायहेक्सीफेनिडिलसारख्या गोळ्यांनी घाम कमी येतो. मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी आटलं तर औषध रक्तात साठून विषबाधा होऊ शकते. तेव्हा इथे गारवाही डोस मोजल्यासारखा बघावा लागतो. त्या टोकाला न्हाणी, संडास आणि भांडार ने. छताला दर उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात. टिनपत्रा नकोच: दुपारी तापतो, आणि पावसात असा वाजतो की धडधाकट माणसाचीही झोप उडते. कूलर खिडकीत बसवलास तर उजेड-वारा दोन्ही गेले, आणि जुलैच्या दमट हवेत तो काही कामाचा नाही. ओसरीच्या भिंतीत त्याला वेगळी जागा ठेव आणि समोरच्या भिंतीत वर झरोका, नाहीतर ओल आतच कोंडते. अर्थिंग आणि वीज गळताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी विसरू नकोस. पाण्याचा माठ खाटेवरून दिसला पाहिजे.

पूर्वेच्या टोकाच्या खोलीला पूर्वेची खिडकी दे. मिलानमधल्या, २००१ साली छापून आलेल्या अभ्यासात बायपोलर आजाराच्या (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी) नैराश्यातले रुग्ण अशा खोल्यांतून पश्चिमेच्या खोल्यांपेक्षा सरासरी ३.६७ दिवस लवकर घरी गेले. पुरावा एकाच रुग्णालयाचा आहे, पण खिडकीला जास्तीचा खर्च तरी काय येतो?

न्हाणीचं दार बाहेर उघडणारं कर. आत कुणी दाराला लागून पडलं, तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. कडी बाहेरून नाण्याने फिरवता यावी. कुणी जिवाचं बरंवाईट करू नये म्हणून खुंट्या भार पडताच खाली वळणाऱ्या, नळ भिंतीत दडवलेले, पंख्याला भार येताच खाली उतरणारी स्प्रिंगची रॉड. खिडकीची झडप चार इंचांपुढे उघडू नये. मग जेलसारखे गज लागत नाहीत.

कोपऱ्यातली ‘एकांत कोठडी’ खोडून टाक. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने एकांतवास आणि साखळदंड दोन्हींना मनाई केली आहे. तिथे चटई, मंद दिवा आणि आतून केव्हाही उघडणारं दार असलेली शांत खोली कर.

नातेवाइकाला तर तू जागाच ठेवली नाहीस! पेरणीच्या दिवसांत घरचा माणूस रात्री मुक्कामाला येतो आणि सकाळच्या पहिल्या एसटीने वावरात परततो. प्रत्येक खोलीत अडीच फूट रुंद, साडेसहा फूट लांब ओटा बांध. त्याच्या सामानाचं कुलुपाचं कपाट मात्र खोलीबाहेर, परिचारिकेच्या नजरेसमोर हवं. वावरातून थेट आलेल्या पिशवीत फवारणीची बाटली राहून गेलेली असू शकते.

पुढच्या खेपेला एकच खोली आणि न्हाणी १:५० मापात काढून पाठव. प्रत्येक दार कोणीकडे उघडतं ते दाखव.