गव्याला रेडा म्हणू नका

सावंतवाडीहून विचारणा आहे: शब्द गवा की गवारेडा? आणि गव्यापासून म्हशीला झालेलं 'शंकर' पारडू पुढे फळतं का?

आधी तो 'शंकर' खोडा. शंकर म्हणजे कल्याण करणारा. दोन जातींच्या मिसळीला शब्द 'संकर'. संकीर्ण, विकिरण ही त्याचीच भावंडं.

आता रेडा. 'गवारेडा', मालवणीत 'गवोरेडो', रोज कानावर येतं आणि घोळ इथूनच सुरू होतो. काळं धिप्पाड अंग बघून रेडा चिकटवला, एवढंच. गवा आला संस्कृत 'गवय'वरून, तो 'गो'च्या घरातला. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, उपमान प्रमाणाचं (साम्यावरून ओळखण्याचं) ठरलेलं उदाहरणच हे: 'यथा गौरेवं गवयः'. ज्याने गवय पाहिला नाही त्याला सांगायचं, गाईसारखा असतो. तो रानात जातो, जनावर समोर येतं आणि नाव जुळतं. किती नेमकं! म्हशीसारखा असं कुणी म्हटलं नाही. गवय म्हणजे नीलगाय म्हणणारे कोश मला साफ अमान्य आहेत. नीलगाय उभी राहिली की घोड्याची आठवण होते, गाईची नाही. शिवाय मराठीने हा शब्द आजवर ज्या जनावराला लावून ठेवला, ती साक्ष कोशाहून मोठी.

गुणसूत्रंही तेच बोलतात: गाय ६०, गवा ५८, म्हैस ५०. गव्यापासून म्हशीला पारडू होतच नाही. गुडघ्याखाली पांढरे पाय दिसले की 'गव्याचं' म्हणतात, पण तसे पाय निव्वळ म्हशीच्या पारडालाही असतात. मोठं झाल्यावर शिंग बघा: म्हशीचं चपटं, वळ्यावळ्यांचं, मागे गेलेलं, गव्याचं गोलसर, बुडाशी पिवळट, टोकाला काळं.

गाईशी मात्र गव्याचा संकर होतो. गाईच्या गुणसूत्रांच्या दोन जोड्या गव्यात सांधून एक झाल्यात, म्हणून हिशेब जुळतो. कालवडी फळतात, पहिल्या पिढीचे गोऱ्हे वांझ निघतात. भूतानात गव्याचा पाळीव भाऊबंद मिथुन गाईला दाखवतात. माद्या दुधाला, नर नांगराला. या कालवडी पुन्हा गाईच्याच वळूला दाखवत गेलं, की पुढच्या पिढ्यांत नरही फळतात.

'संकर म्हणजे वांझ' हे खेचरावरून रूढ झालं. घोडा ६४, गाढव ६२, खेचर ६३, आणि जोड्या नीट लागत नाहीत. लांडगा, कुत्रा, कोल्हा तिघांची ७८; त्यांच्या संकराची पिल्लं फळतात. कोल्हा म्हणजे आपल्या खाजणात कोल्हेकुई करणारा, खोकड नव्हे.