फजिती कुणाची, ते आधी बघ

पोरी,

एकांकिकेतला चावट प्रसंग गाळू नकोस. तुझ्या एवढ्या लांबलचक पत्राला माझं उत्तर एवढंच आहे. पण एवढ्यावर तुझं समाधान व्हायचं नाही, म्हणून लिहायला बसलेय.

होस्टेलच्या खोलीत पाचजणींनी एका लॅपटॉपवर ‘सुपरबॅड’ हा अमेरिकन सिनेमा पाहिलात, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलात, आणि लाइट लावल्यावर एकजण म्हणाली, “शी, आपण कशाला हसलो?” तिथून तुझी झोप उडाली. सरांना विचारलंस तर ते म्हणाले, पोरांचा पांचटपणा आहे, त्यात बघण्यासारखं काय? आणि आता तुझ्याच एकांकिकेतला मेडिकलच्या दुकानाचा प्रवेश तुला घाण वाटायला लागलाय. एका ‘शी’वर तू माघार घ्यायला निघालीस, याचा मला राग आलाय. हसताना तुम्हाला काही वाटलं नव्हतं. हसून झाल्यावर वाटलं. यातलं खरं कुठलं?

शिव्या घटकाभर बाजूला ठेव आणि सिनेमात काय चाललंय ते बघ. शाळा संपत आलीय. दोन जिवलग मित्र. एकाला मोठ्या नावाच्या विद्यापीठात प्रवेश मिळालाय, दुसऱ्याला नाही. आजवर एकमेकांवाचून ज्यांचं पान हललं नाही ते आता तुटणार, आणि त्याबद्दल चकार शब्द काढायची दोघांचीही छाती नाही. म्हणून ते अखंड दुसरंच बोलत राहतात. पोरी, दारू, अंगाबिंगाच्या गोष्टी. जे बोलायचंय ते बोलावं लागू नये म्हणून एवढी बडबड. बारावीनंतर तुझी मैत्रीण पुण्याला निघाली तेव्हा परभणीच्या स्टँडवर तुम्ही दोघी कशावर बोलत होतात? तूच मला सांगितलंस, तिच्या नव्या चपलांवर. गाडी सुटेपर्यंत चपलाच.

आता त्यांचा बेत बघ. मुलीच्या घरच्या पार्टीला आपण दारू न्यायची, ती प्यायली की नशेत तिच्या हातून जी चूक घडेल, ती चूक आपण व्हायचं. बेत वंगाळच आहे, त्याला दुसरं नाव नाही. पण सिनेमा त्याचं काय करतो? जिच्यासाठी एवढा आटापिटा, ती मुलगी दारूला शिवतच नाही. शुद्धीत उभी राहून ती दारू प्यायलेल्या पोराला बाजूला सारते. तो रडतो, तोल जाऊन तिच्याच तोंडावर आपटतो आणि तिचा डोळा काळानिळा करून ठेवतो. दुसऱ्याच्या वाट्याला त्याची आवडती मुलगी येते ती झिंगलेली, आणि ऐन वेळी हाच मागे सरतो. रात्री दोघं मित्र जमिनीवर शेजारी शेजारी पडतात तेव्हा कुठे एकमेकांवर जीव असल्याचं त्यांच्या तोंडून निघतं. फजिती कुणाची झाली? ज्यांनी बेत रचला त्यांची. मुलीची नाही.

मी आयुष्यभर एकच प्रश्न विचारत आलेय, तो तूही विचार. फजिती कुणाची? शिव्या किती आणि उघडेपणा किती ते नंतर मोजू. आधी फजिती कुणाची ते बघायचं.

हा सिनेमा 2007 मध्ये आला. पण सेथ रोगन आणि इव्हान गोल्डबर्ग या व्हँकुव्हरच्या दोन मित्रांनी तो लिहायला घेतला तेव्हा ते 13 वर्षांचे होते आणि नायकांना त्यांनी आपलीच नावं दिली, सेथ आणि इव्हान. स्वतःची फजिती स्वतःच्या नावानिशी मांडली. तेराव्या वर्षी माणसाला भीती लपवता येते कुठे? ती भीती त्या कागदावर तशीच राहिली आणि पुढे वयानं आलेलं शहाणपण तिला पुसू शकलं नाही. तुमचं हसू तिथलं आहे.

याच प्रश्नानं ‘अमेरिकन पाय’कडे बघ, 1999 चा. चार मित्र शाळा संपायच्या आत ‘अनुभव’ घ्यायचाच असा एकमेकांना शब्द देतात. त्यातला जिम घरात जे करताना बापाच्या तावडीत सापडतो, तो प्रसंग जगभर गाजला. अनेकांनी त्याला किळसवाणा म्हटलं. मला तो चालतो, कारण फजिती जिमची. आणि त्याचा बाप! पोराला समजावायला मासिकं घेऊन येतो, शब्द सापडत नाहीत, घसा खाकरतो, पण उठून जात नाही. आपल्याकडचे किती बाप बसून राहतील? मात्र त्याच सिनेमात परदेशातून शिकायला आलेली नादिया आहे. जिमच्या खोलीत कॅमेरा चालू आहे हे तिला माहीत नाही, आणि अख्खी शाळा तिला बघते. जिमची फजिती होते, ती दोन दिवसांत विरते. नादियाला मात्र परत मायदेशी धाडलं जातं आणि सिनेमा हसत पुढे जातो. तिथं मी हसू शकत नाही. तूही हसू नकोस. सोवळं म्हणून नव्हे; फजिती एकाची आणि दंड दुसरीला, म्हणून.

परभणी-बीडकडे पोरीचा फोटो एका ग्रुपवर फिरला तर पुढे काय होतं ते तुला मी सांगायला नको. शाळा सुटते आणि पहिलं सांगून आलेलं स्थळ पक्कं होतं. बालविवाहांच्या बाबतीत आपले परभणी, बीड, जालना हे जिल्हे राज्यात पुढे आहेत, ते काही आपोआप नाहीत.

आणि इथंच तुझ्या त्या मैत्रिणीच्या ‘शी’चं उत्तर आहे. तुम्ही पाचजणी पोरांच्या सिनेमाला इतक्या का हसलात? ‘सुपरबॅड’मधली पोरं रात्रभर पोलिसांपासून पळतात, मार खातात, एकजण तर खोट्या ओळखपत्रावर पोलिसांच्याच गाडीतून हिंडतो, शेवटी ती गाडीही जळते. आणि दुसऱ्या दिवशी ती मॉलमध्ये असतात. कुणाचं शिक्षण थांबत नाही, कुणाला घरी डांबत नाहीत, कुणाच्या मामाला बोलावणं जात नाही. फजिती होऊनही सकाळ उजाडते. पोरी, फजिती व्हायलासुद्धा सवड लागते, आणि आपल्या पोरींना ती सवड कुणी देत नाही. वयात आली की एकदम शहाणी व्हायचं, मधलं वेडंवाकडं वय गाळून. तुम्ही त्या सवडीला हसलात. थोडा हेवाही होता त्यात. त्याची लाज कसली?

तुझ्यासारखंच एक नाटक मी लिहिलं होतं. अंबाजोगाईला शिकत असताना, मुलींच्या वसतिगृहावर. त्यात एक मुलगी एसटीत पुरुष उठून गेलेल्या ऊबदार सीटवर बसते आणि आपल्याला दिवस जाणार म्हणून रात्रभर जागते. बाकीच्या मुली तिला धीर देतात, पण त्यांनाही नक्की कुणाला काही ठाऊक नसतं. तिघी तीन गोष्टी सांगतात, तिन्ही चूक. एक तर कॅलेंडर काढून बसते. आम्ही तालमीत त्या प्रवेशाला गडाबडा लोळायचो, कारण त्यातली प्रत्येक समजूत आमच्यातल्या कुणाची तरी होती. निवड करणाऱ्यांनी सांगितलं, एवढा प्रवेश काढा, बाकी नाटक उत्तम आहे. मुलींच्या तोंडी हे शोभत नाही. मी काढला नाही. नाटक झालं नाही.

ती मुलगी जिनं केली असती, ती माझी मैत्रीण. तिच्यासारखी थांबून बोलणारी नटी मी पुन्हा पाहिली नाही. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि ती स्टेजवर कधी चढली नाही. आजही कुणी ना कुणी मला ऐकवतं: बाई, दहा वाक्यं गाळली असतीत तर तिचा एक तरी प्रयोग झाला असता. हे माझ्या जिवाला लागलेलं आहे. झोप लागत नाही तेव्हा तिचं न झालेलं बोलणं मला ऐकू येतं. पण ती वाक्यं मी गाळायला हवी होती का? नाही. गाळली असती तर उरलं काय असतं? चार गुणी मुली, एक प्रेमळ रेक्टर आणि शेवटी समूहगीत. तिला ते खोटं बोलायला लावून मी तिचं कुठलं भलं करणार होते? फजिती आमची होती, आमच्या अडाणीपणाची होती, आणि आम्हाला ती चारचौघांत हसून मोकळी करायची होती. तो हक्क आमचा होता. आज विचारलंत तरी मी हेच करेन.

‘बालक-पालक’ आला तेव्हा मला भरून आलं ते याच कारणानं. 2013 चा सिनेमा, दिग्दर्शक रवी जाधव, निर्मात्यांत आपल्या लातूरचा रितेश देशमुख. चाळीतली एक ताई अचानक नाहीशी होते, मोठी माणसं म्हणतात तिनं ‘शेण खाल्लं’, आणि पोरं शेण खाणं म्हणजे काय ते शोधायला निघतात. कुणी सांगत नाही, म्हणून ती व्हिडिओ कॅसेटपर्यंत जाऊन पोचतात. फजिती पोरांची, पण मान खाली जाते ती पालकांची. लोकांनी तो घरच्यांसोबत बसून पाहिला. मग आमच्याच चार मुलींनी काय पाप केलं होतं?

सर म्हणतात ना, अशा गोष्टींना आपल्याकडे बैठक नाही? त्यांना म्हणावं, पैठण काही लांब नाही. एकनाथांच्या भारुडातली सून सासरच्या एकेकाला मार्गी लावायला भवानीकडे रोडगा कबूल करते. सोळाव्या शतकातल्या संतानं हे सुनेच्या तोंडी घातलं आणि देवळांतून लोकांनी ते डोक्यावर घेतलं. तमाशातली मावशी गौळणींच्या पुढे उभी राहून कृष्णाला आणि पेंद्याला जे ऐकवते, ते सरांनी माळेगावच्या जत्रेत पुढच्या रांगेत बसून ऐकलेलं असणार. 1971 च्या ‘सोंगाड्या’त दादा कोंडके आईच्या धाकातला भोळा नाम्या झाले आणि महाराष्ट्र लोटपोट झाला, कारण फजिती नाम्याची होती. पुढं त्यांच्याच सिनेमांत ती हळूहळू बाईच्या अंगावर सरकत गेली, तिथं मी उठून आले. माणूस तोच, शब्दही तेच. फजिती कुणाची ते बदललं.

मुलींचा असा सिनेमा नाही, म्हणतेस. ‘बुकस्मार्ट’ बघ, 2019 चा, ऑलिव्हिया वाइल्डचा. वर्षानुवर्षं फक्त अभ्यास केलेल्या दोन मैत्रिणींना शाळा संपता संपता कळतं की मजा मारणाऱ्या पोरांनाही चांगल्या कॉलेजांत प्रवेश मिळालाय. लातूरच्या क्लासेसमध्ये दोन वर्षं काढलेल्या तुझ्या रूममेटला तो आधी दाखव. तुला त्याच्यापेक्षा जवळचं लिहायचंय, म्हणून नक्कल मात्र करू नकोस.

आता तुझा खर्डा. मेडिकलचा प्रवेश हा तुझ्या नाटकाचा जीव आहे आणि तू त्यालाच हात घालायला निघालीस. मुलगी पॅड आणायला जाते, काउंटरवर क्लासचे सर उभे, ती बाम मागते. परत जाते, आता दुकानदाराचा पोरगा, पुन्हा बाम. खोलीत बामच्या बाटल्यांची रांग, आणि ज्या मुलीला पॅड हवंय ती पोट धरून बसलेली. हे तू स्वतः पाहिलंयस, वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घातलेलं ते पुडकं हुबेहूब लिहिलंयस. यातली एक ओळही हलवू नकोस. पण रेक्टरबाईंचं काय केलंयस? त्यांच्या लठ्ठपणावर तीन विनोद आहेत. ते मी वाचले तेव्हा बरं वाटलं नाही. त्या बाईंनी काय केलं? ते तिन्ही काढ. त्यांनाही कधी काळी बाम विकत घ्यावा लागला असेल, तिकडून लिही. आणि कमलच्या फोनमधल्या फोटोवर तू जो हशा काढलायस, त्यावर माझाच प्रश्न घालून बघ. फजिती कमलची होतेय की फोटो बघणाऱ्यांची? सध्या कमलची होतेय. हे तुला दिसायला हवं होतं. सरांना खूश करायला चांगलं तेवढं कापत होतीस आणि कापायचं तेवढं ठेवत होतीस.

शिव्यांबद्दल विचारलंयस. मुली खोलीत बोलतात तेवढ्याच ठेव. टाळीसाठी घातलेली शिवी लगेच कळते, दुसऱ्यांदा वाचताना तुलाच खटकेल.

राहता राहिला वडिलांचा प्रश्न, जो तू पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता घातलायस. जिंतूरहून ते प्रयोगाला येणार, आणि बामचा प्रवेश त्यांच्यासमोर कसा करायचा. खरी अडचण हीच होती ना? सर, सिनेमा, ‘शी’ हे सगळं नंतरचं. त्यांना बोलव. आधी फोनवर सांग, नाटकात मुलींच्या अडचणीचं आहे आणि मीच लिहिलंय. एवढंच सांग, गोष्ट सांगत बसू नकोस. आईला सोबत आणायला सांग. ते उठून बाहेर गेले तर जाऊ देत. प्रवेश थांबवायचा नाही, आवाज उतरवायचा नाही. बसून राहिले तर नंतर तूही विषय काढू नकोस, त्यांना वेळ दे.

रेक्टरबाईंचा प्रवेश आणि कमलचा फोटो दुरुस्त करून रविवारपर्यंत पाठव. बामच्या प्रवेशाला हात लावलेला दिसला तर वाचणार नाही.

तुझी,
बाई