फ्रेडी की भीमसेन, आणि मुलगी झाली तर?

"अक्का नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहते, आठवा महिना चालू आहे. आमचे मिस्टर 'क्वीन' बँडचे वेडे, त्यांना बाळाचं नाव फ्रेडी ठेवायचंय. मामा म्हणजे माझे सासरे भजनी मंडळात आहेत, पहाटे पाचला भीमसेन जोशींचे अभंग लावतात, त्यांना भीमसेन हेच नाव पाहिजे. बरेच दिवस झाले बापलेक धड बोलत नाहीत, निरोप पण माझ्याकडूनच जातात. सासूबाई म्हणतात तू मधे पडू नको. काय करू? ता.क. मला गाण्यातलं फार कळत नाही, रात्री झोप लागली नाही की किशोरीताई आमोणकरांचं काहीतरी लावते, मग बाळ पण शांत होतं."

अगं पोरी, तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग जरा रागच आला. हसले कारण कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या ताटावर फ्रेडी विरुद्ध भीमसेन अशी लढाई आपल्या सोलापुरातच होऊ शकते. राग यासाठी की दोघांनी मुलगाच होणार हे परस्पर ठरवून टाकलंय! सोनोग्राफीत सांगत नाहीत, सांगायला कायद्यानेच बंदी आहे, मग ह्यांना कुठनं कळलं? आज रात्री वाढताना फक्त एवढं विचार, "आणि मुलगी झाली तर?" आणि भाकरी आणायला आत निघून जा, उत्तराची वाट बघू नको.

आता मिस्टरांचं. त्यांना सांग की त्यांचा तो क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याचं पाळण्यातलं नाव फारुख बलसारा, पारशी घरातला पोरगा, जन्म 1946 चा झांझिबारचा, आणि शिकायला कुठे होता तर आपल्या पाचगणीला, बोर्डिंगमध्ये. फ्रेडी हे नाव तिथल्या पोरांनी हाक मारायला पाडलं, मर्क्युरी तर त्याने स्वतः नंतर लावून घेतलं. म्हणजे फ्रेडी हे मुळातच लाडाचं नाव आहे ना, मग लाडाचं म्हणूनच राहू दे की! घरात, गॅलरीत, मित्रांच्यात खुशाल फ्रेडी म्हणा, मुलगी असली तरी म्हणा, कोण अडवतंय. दाखल्यावर मात्र नको. मधे बापाचं नाव आणि शेवटी आडनाव लावून एकदा मोठ्याने म्हणून बघायला सांग त्यांना, तेच हसतील.

मामांचं जरा नाजूक आहे, कारण ते हट्टाने नाही, भक्तीने बोलतायत. गदगला जन्मलेला माणूस, घरी कन्नड, आणि अख्ख्या महाराष्ट्राला अभंग ऐकवले, म्हणजे सोलापूरकराला ते घरातलेच वाटणार, त्यात मामांची काय चूक. पण हळूच आठवण करून दे, की हे पंडितजी लहानपणी, अकरा-बारा वर्षांचे असताना, गाणं शिकायला गुरू पाहिजे म्हणून घरातून पळून गेलेले, तेवढी तयारी आहे का मामा? (हे हसत हसत विचार, नाहीतर माझ्यावर यायचं.) आणि पंडितजींनी स्वतःच्या पोरांची नावं काय ठेवली, तर जयंत, श्रीनिवास, अशी साधी. शाळेत भीमसेनचा भीम्या व्हायला पहिली घंटा पण लागत नाही, आणि लोक आयुष्यभर विचारणार, "मग गातोस का?" त्या लेकराला गाण्याऐवजी कबड्डी आवडली तर?

मला विचारशील तर मामांना कुमार गंधर्वांकडे वळव. त्यांचं खरं नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, बेळगावजवळच्या सुळेभावीचे. 'गंधर्व' ही लहानपणी मिळालेली पदवी, पण वडिलांच्या नावात आपला सिद्धराम, सोलापूरचं ग्रामदैवत, आहे बघ, गड्ड्याच्या यात्रेला जाणाऱ्या माणसाला याहून जास्त काय पाहिजे. नुसतं सिद्धराम ठेवलं तर बाळीवेशीत हाक मारल्यावर चार जण वळतील, म्हणून मुलगा झाला तर शिवपुत्र. ते जड वाटलं तर कुमारांच्या मुलाचं नाव मुकुल आहे, मला स्वतःला तेच आवडतं, छोटं आहे आणि बिघडवायला अवघड.

आणि मुलगी झाली तर? तू ताजा कलम म्हणून जी ओळ खाली टाकलीयस ना, अख्ख्या पत्रात फक्त तीच तुझी आहे, बाकी सगळं ह्यांचं आणि त्यांचं. गाण्यातलं कळत नाही म्हणतेस आणि रात्री दोनला किशोरीताई ऐकतेस, अजून कळायचं काय असतं गं? किशोरी. मराठीत, कन्नडमध्ये, तेलगूत, कुठेच अडत नाही, शेजारच्या पद्मशाली काकूंना पण नीट म्हणता येईल. जुनं वाटत असेल तर केसर बघ, गायिका केसरबाई केरकरांवरून. त्यांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर अंतराळयानातल्या सोनेरी तबकडीवर गेली, ते यान अजून पुढे चाललंय. हे मिस्टरांना आवर्जून सांग, त्यांच्या फ्रेडीचं गाणं तिथे नाहीये.

घाई मात्र करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, ती नावाशिवाय पण होते, आणि नाव नंतर वर्षभरात फी न भरता घालता येतं. त्यामुळे दवाखान्यात कोणी फॉर्म पुढे केला म्हणून बापलेकांपैकी जो आधी पेन पकडेल त्याचं नाव लागलं असं होऊ देऊ नको. इंग्रजी स्पेलिंग आधीच एका कागदावर लिहून ठेव, हल्ली शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे जन्माचा दाखलाच मागतात आणि एक अक्षर चुकलं की नुसते हेलपाटे.

सासूबाई म्हणतात मधे पडू नको, पण पोटात बाळ तुझ्या आहे, अजून किती मधे पडायचं? त्यांना एकटीला गाठून किशोरी नाव सांग, बघ काय म्हणतात, बहुतेक मामांना त्याच पटवतील. आणि नणंदेला आत्ताच फोन कर. बारशाला कानात कुर्र करणारी आत्या ती, तिला अंधारात ठेवलंस तर पाळण्यापाशी ती तिसरंच नाव सांगून मोकळी होईल आणि मग घुगऱ्या खाणारे पण त्याच नावाने हाका मारत घरी जातील.

— अक्का