दोन्ही विषय घे, पण एकत्र शिक

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल परवा वाचला. पदवीला फायनान्स घ्यावं, अ‍ॅक्च्युरिअल सायन्स (विमा आणि पेन्शनमधल्या जोखमीचं गणित) घ्यावं, की दोन्ही शिकवणारा अभ्यासक्रम शोधावा, हा तुझा प्रश्न. बाबांना वाटतं की दोन्हींच्या मागे लागलीस तर एक ना धड, भाराभर चिंध्या होतील. त्यांची काळजी रास्त आहे, कारण दोन्ही विषय कसून मेहनत मागतात. तरी माझं मत आहे की दोन्ही घे. मात्र दोन वेगळे विषय म्हणून शिकलीस तर बाबांचं म्हणणं खरं ठरेल. हे दोन विषय एकमेकांना कुठे भिडतात तेवढं ओळखलंस, की अभ्यासाला दिशा मिळेल.

बाबांच्या कारखान्यातलंच उदाहरण घेऊ. एक कामगार ४० वर्षांचा आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना २६,००० रुपये, नोकरी १० वर्षं झालेली. ग्रॅच्युइटीच्या सूत्राप्रमाणे दर वर्षाच्या नोकरीमागे पगाराचे १५/२६, म्हणजे १५,००० रुपये. दहा वर्षांचे झाले १,५०,०००. पण कंपनी हे पैसे आज देणार नाही. तो ५८व्या वर्षी निवृत्त होईल तेव्हा देणार, आणि तेव्हाच्या पगारावर देणार. पगार दर वर्षी ८ टक्क्यांनी वाढेल असं धर आणि ती रक्कम आजच्या किमतीत आणायला ७ टक्के दर लाव. आज ताळेबंदात दाखवायचं देणं येतं सुमारे १,७७,००० रुपये. आता फक्त तो दर ७ऐवजी ६ कर. देणं होतं सुमारे २,१०,०००. कामगार तोच, पगार तोच, आणि देणं मात्र १८ टक्क्यांहून जास्त फुगलं. कागद-पेन घेऊन हे स्वतः करून बघ, दहा मिनिटांचं काम आहे.

या हिशेबात मी मृत्यू आणि मधेच नोकरी सोडणं धरलेलं नाही. ते धरायला मृत्युदराचा तक्ता लागतो, आणि त्या कारखान्यात कोणत्या वयाची माणसं किती प्रमाणात नोकरी सोडतात याचा अंदाज लागतो. हे अ‍ॅक्च्युरिअल सायन्सचं घर. पण ज्या एका टक्क्याने सगळा आकडा हलला तो आला सरकारी रोख्यांच्या बाजारातून. १८ वर्षांच्या रोख्याचा दर एक वर्षाच्या रोख्यापेक्षा वेगळा का असतो, महागाईच्या बातमीने तो का उसळतो, हे फायनान्सचं घर. ज्याला एकच घर ठाऊक आहे तो दुसऱ्या घरातला आकडा न तपासता उचलतो. माझ्याकडे नव्याने रुजू होणाऱ्या हुशार मुलामुलींमध्ये मला हेच सगळ्यात जास्त खटकतं. मृत्युदरावर तासभर बोलतील, आणि व्याजदर कुठून आणला विचारलं की 'मागच्या वर्षीच्या फाइलमधून'.

हे किती महागात पडू शकतं ते इंग्लंडमधल्या इक्विटेबल लाइफने दाखवलं. १७६२ साली सुरू झालेली ही आयुर्विमा संस्था. आयुर्विम्याचा हप्ता वयाप्रमाणे शास्त्रशुद्ध ठरवण्याची पद्धत तिच्यामुळे रुजली, म्हणून आमच्या व्यवसायात तिला मानाचं स्थान. १९५०च्या दशकापासून १९८८पर्यंत तिने अशा पेन्शन पॉलिसी विकल्या, ज्यांत निवृत्तीनंतरच्या वार्षिकीचा, म्हणजे आयुष्यभर दर वर्षी मिळणाऱ्या रकमेचा, किमान दर आधीच कबूल केलेला होता. विकताना बाजारातले व्याजदर चढे होते, त्यामुळे त्या वचनाची किंमत जवळजवळ शून्य वाटली. पुढे १९९०च्या दशकात व्याजदर घसरले आणि माणसं अधिक जगू लागली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी विरुद्ध गेल्या. संस्थेने हमी असलेल्यांचा बोनस कमी करून मार्ग काढायचा प्रयत्न केला, तो जुलै २०००मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, बेकायदा ठरवला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात नवा धंदा बंद झाला. संस्थेला भागधारक नव्हते, तेव्हा भार पडला तो बाकीच्या पॉलिसीधारकांवर, म्हणजे निवृत्तीसाठी पैसे साठवणाऱ्या साध्या माणसांवर.

नीट बघ, ते वचन म्हणजे व्याजदरावरचा ऑप्शनच होता, ठरलेल्या दराचा हक्क, वापरायचा की नाही हे घेणाऱ्याच्या हाती. ऑप्शनची किंमत कशी काढायची हे १९७३पासून छापून आलेलं होतं. पण ऑप्शन वापरला जाईल तेव्हा किती माणसं जिवंत असतील आणि किती वर्षं जगतील, हे त्या सूत्रात नव्हतं. अर्धं उत्तर एका विषयात आणि अर्धं दुसऱ्यात.

हे परदेशातलं आणि जुनं म्हणून सोडून देऊ नकोस. आपल्याकडे हल्ली हमीच्या परताव्याच्या विमा योजना जोरात विकल्या जातात. दहा वर्षं हप्ता भरा, पुढे ठरलेली रक्कम घ्या. कंपनी वचन देते आज, पण सातव्या वर्षीचा हप्ता गुंतवायचा तो सातव्या वर्षीच्या दराने. मधे दर पडले तर खड्डा कंपनीच्या खिशाला. म्हणून कंपन्या बँकांशी फॉरवर्ड रेट अ‍ॅग्रीमेंटचे करार करून पुढचे दर आजच बांधून घेतात. आता सांग, किती रकमेचा करार करायचा? सगळे लोक दहाही वर्षं हप्ते भरत नाहीत. किती जण तिसऱ्या वर्षी पॉलिसी सोडतील हा अंदाज अ‍ॅक्च्युअरीचा, करार ट्रेझरीचा, म्हणजे कंपनीचे पैसे सांभाळणाऱ्या विभागाचा. अंदाज चुकला तर करार जास्तीचा तरी होतो नाही तर अपुरा तरी. ही दोन माणसं एकमेकांची भाषा जाणणारी असावी लागतात, आणि तशी माणसं कमी आहेत. दोन्ही घे म्हणतो ते यासाठी.

वर्गात एक गोष्ट तुला गोंधळात टाकेल, ती आधीच सांगतो. दोन विषयांचे प्राध्यापक तुला परस्परविरोधी गोष्टी सांगतील. पेन्शन फंडाने पैसे शेअरमध्ये गुंतवलेत, मग देण्यांना शेअरच्या अपेक्षित परताव्याचा चढा दर लावायचा का? जुन्या वळणाचे अ‍ॅक्च्युअरी हो म्हणत. फायनान्स सांगतं, देणं किती पक्कं आहे त्यावर दर ठरतो, तुम्ही पैसे कुठे लावलेत त्यावर नाही. १९९७ साली एक्स्ली, मेहता आणि स्मिथ या तिघा अभ्यासकांनी हीच गोष्ट खुद्द अ‍ॅक्च्युअरींपुढे मांडली तेव्हा मोठा वाद झाला. मी फायनान्सच्या बाजूचा आहे. चढा दर लावला की तूट कागदावरून पुसली जाते, पेन्शनरचा धोका तेवढाच राहतो. पण तू माझं ऐकून बाजू घेऊ नकोस, दोन्ही प्राध्यापकांशी भांड. उलट, पॉलिसी कोण कधी सोडतं याला बाजारभाव नसतो, तिथे अनुभवाची आकडेवारी आणि थोडी सावध वृत्तीच कामी येते, हे फायनान्सवाल्यांना पटवायची पाळीही तुझ्यावर येईल.

आता व्यवहाराचं. बारावीनंतर इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडियाची एसीईटी ही प्रवेश परीक्षा देता येते. ती दे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पुढच्या पेपरांत सीबी१ म्हणजे बिझनेस फायनान्स, पदवीच्या कॉर्पोरेट फायनान्सच्या बरोबरीनेच होऊन जाईल. सीएम१मध्ये व्याजाचं गणित आणि वार्षिकी येतात, आणि सीएम२मध्ये पोर्टफोलिओ, ब्लॅक-शोल्स (ऑप्शनच्या किमतीचं तेच १९७३चं सूत्र), व्याजदरांची मॉडेल. डेरिव्हेटिव्हचा (ऑप्शनसारख्या करारांचा) विषय कॉलेजात ज्या सत्रात असेल, त्याच सत्राला जोडून सीएम२ दे. सीएस१ आणि सीएस२ हे संख्याशास्त्राचे पेपर मात्र कशाच्याही आडोशाने होत नाहीत, त्यांना स्वतंत्र वेळ दे. प्रत्यक्ष काम आर ही संगणकभाषा आणि एक्सेल यांवर करून दाखवावं लागतं, तेव्हा हात पहिल्या वर्षापासूनच बसू दे.

एका सत्रात एकापेक्षा जास्त पेपर घेऊ नकोस, निदान पदवी चालू असताना. हे पेपर नापास होणं अगदी सर्रास आहे आणि त्यात कमीपणा नाही, पण पेपराच्या नादात पदवीचे गुण गेले तर पहिली नोकरी मिळताना ते आड येतं. सीएफए (गुंतवणूक विश्लेषकांची परीक्षा) वगैरेचा विचार नोकरी लागल्यावर. अभ्यासक्रम निवडताना नावाकडे पाहू नकोस, प्रॉबॅबिलिटी आणि लिनिअर अल्जेब्रा किती खोलात शिकवतात ते पाहा. कोणत्या पेपरांत सूट मिळते ते त्या इन्स्टिट्यूटकडून लेखी विचारून घे, माहितीपत्रकातल्या ओळीवर विसंबू नकोस.

आणि तुझा ओढा शेअर निवडण्याकडे किंवा नव्या कंपन्यांना भांडवल देण्याकडे असेल, तर अ‍ॅक्च्युरिअल पेपरांवर उमेदीची वर्षं घालू नकोस. बाबांना ते आवडणार नाही, मी बोलेन त्यांच्याशी.

प्रवेशाला अजून वेळ आहे. तोवर दोन वार्षिक अहवाल उतरवून घे. एक कोणत्याही उत्पादक कंपनीचा. त्यातल्या ग्रॅच्युइटीच्या टिपेत दर अर्धा किंवा एक टक्का हलला तर देणं किती हलतं याचा तक्ता असतो. दुसरा शेअर बाजारात नोंदलेल्या आयुर्विमा कंपनीचा. त्यात एम्बेडेड व्हॅल्यूचा (कंपनीची मालमत्ता आणि चालू पॉलिसींतून पुढे मिळणारा नफा यांची आजची किंमत) असाच तक्ता शोध, व्याजदर, मृत्युदर आणि पॉलिसी सोडण्याचं प्रमाण बदललं तर काय होतं ते त्यात ओळीने दिलेलं असतं. कोणत्या ओळीने कंपनी सगळ्यात जास्त हलते आणि तुझ्या मते का, ते मला पानभर लिहून पाठव. चुकलं तरी चालेल, पण आकडे स्वतः ताडून लिही. ते वाचून मग अभ्यासक्रमांची यादी फोनवर पक्की करू.

तुझा,
काका