खुनाचा खुलासा कोण करतो?

शनिवार पेठेतल्या एका वाचनगटात अमेरिकी लेखक जेम्स एलरॉय यांची 'द ब्लॅक डेलिया' ही एका खऱ्या खुनावर बेतलेली कादंबरी वाचताहेत. गटातल्या एका गृहस्थांनी तिच्यावर मराठीत टिपण केलं आणि त्यात लिहिलं, 'या खुनाचा आजवर खुलासा झालेला नाही.' हे बरोबर का, असं गटातल्याच एक बाई विचारतात. शिवाय असल्या 'हार्डबॉइल्ड', म्हणजे निर्ढावलेल्या पोलिसांच्या आणि गुप्तहेरांच्या कादंबरीला मराठीत काय म्हणावं, हेही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन मोकळा होतो. 'निबर' म्हणा. भेंडी निबर होते तसा त्यातला पोलीस असतो, कितीही शिजवा. 'कठोर' आणि 'रोखठोक' सुचवणाऱ्यांनी मंडईत एक फेरी मारून यावी.

आता खुलासा. एकट्या टिपणकारांना बोल लावत नाही. रोज रात्री बातम्यांत 'पोलिसांकडून खुनाचा धक्कादायक खुलासा' ऐकायला मिळतो आणि जेवणाची चव जाते. अहो, मराठीत ज्याच्यावर ठपका असतो तो खुलासा करतो! कचेरीत उशिरा येणाऱ्याच्या हातात 'तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा' असा कागद पडतो. सोसायटीचे सेक्रेटरी टँकरच्या बिलाचा खुलासा करतात. तेव्हा पोलिसांनी खुनाचा खुलासा केला, याचा सरळ अर्थ खून त्यांच्याच हातून झाला आणि आता ते कारणं सांगताहेत. हिंदीत खुलाशाचा गौप्यस्फोट झाला असेल, तर तो हिंदीवाल्यांनी बघावा. आपल्याकडे खुनाचा छडा लागतो, उलगडा होतो, खुनाला वाचा फुटते. घरात एवढं असताना उसनवारी कशाला?

बरं, या प्रकरणात मराठी अर्थाचे खुलासे मात्र रग्गड झाले. 15 जानेवारी 1947 रोजी लॉस एंजेलिसच्या लायमर्ट पार्क भागात, एका रिकाम्या प्लॉटवर एलिझाबेथ शॉर्ट या 22 वर्षांच्या मुलीचा मृतदेह सापडला, कमरेपाशी कापून दोन तुकडे केलेला. त्यानंतर 'मीच मारलं' म्हणत माणसं पोलिसांपुढे येत राहिली. डझनांनी आली, आणि एकाचीही कबुली टिकली नाही. एलरॉय यांनी 1987 साली कादंबरी काढली ती आपल्या आईला अर्पण करून. ते दहा वर्षांचे असताना, 1958 मध्ये, त्या आईचाही खून झाला होता. त्याचाही छडा लागलेला नाही.

खुलासा हा शब्द 'खुलणे'वरून आला, असं छातीठोक सांगणारे विद्वान पुण्यात पैशाला पासरी आहेत. खुलं करणे तो खुलासा, झालं! या भ्रमामुळेच हिंदीत त्याला 'उघडकीस आणणे' हा अर्थ चिकटला, असं माझं ठाम मत आहे. माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश 1925 पासून छापील आहे. तो उघडायचे कष्ट कुणी घेत नाही. खुलासा अरबी आहे. ख-ल-स हा धातू. त्याच्या पोटात गाळ निघून जाणं, शुद्ध होणं, मोकळं होणं. भेसळ नसलेला तो निखालस (इथला 'नि' नकाराचा नाही, हे व्याकरणवाल्यांनी ध्यानात घ्यावं). मधले सगळे दूर होऊन मुलूख निव्वळ सरकारचा झाला की तो खालसा. सातारा 1848 मध्ये झाला तसा. गुरू गोविंदसिंगांचा 1699 चा खालसा पंथही याच कुळातला.

आणि खलास! यूल आणि बर्नेल यांच्या 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात नोंदवलंय, की मॅजिस्ट्रेट 'खलास करो' म्हणाला म्हणजे कैद्याला सोडून द्यायचं. मुंबईच्या टोळीवाल्यानं हेच म्हटलं तर काय होतं, ते सांगायला नको. शब्द तेच, आणि दोन्हीकडे माणूस मोकळा.

पण याच कोशात पुढे घोळ आहे. खलाशी म्हणजे तंबू ठोकणारा, आणि जहाजावरचाही. या दोघांची सांगड यूलसाहेबांना बसेना, म्हणून कुणा विद्वान मित्राच्या सांगण्यावरून ते सुकाणू या अर्थाच्या 'खलाशा' या जुन्या फारसी शब्दाकडे वळतात. मित्र विद्वान असेल, पण जमिनीवर तंबू ठोकणाऱ्याला सुकाणू कशाला हवं? तंबूत आणि जहाजात सामाईक काय, तर दोर. दोर सोडणारा, मोकळे करणारा तो खलाशी. मला तरी यात शंका वाटत नाही. बुधवारातल्या फरासखाना पोलीस ठाण्यावरून रोज जाता ना? फरासखाना म्हणजे तंबू आणि जाजमं ठेवायची जागा. खलाशाचं घरच ते. आज तिथे गुन्ह्यांचे कागद असतात.

कागदांवरून आठवलं. अरबीत खुलासा म्हणजे गाळून उरलेलं सार, सारांश. उर्दू पुस्तकांत कवितेचा खुलासा म्हणजे तिचा सारांशच. आपल्या पोलिसांकडे गुन्हा खरा पण गुन्हेगार सापडत नाही, अशी स्थिती झाली की मॅजिस्ट्रेटपुढे जो अहवाल जातो त्याचं नाव 'ए समरी'. समरी म्हणजे सारांशच की! म्हणजे अरबीच्या हिशेबानं, खुनी सापडला नाही की खुनाचा खुलासा होतो. एलिझाबेथ शॉर्टचं प्रकरण फरासखान्यात असतं तर त्याचा खुलासा केव्हाच झाला असता.

तेव्हा टिपणकारांचं वाक्य मराठीत चुकीचं आणि अरबीत उलटं. 'खुलासा'च्या जागी 'छडा' घालावा आणि 'झालेला'चं 'लागलेला' करावं.